फिफ्थ व्हील : ट्रक व ट्रेलर यांच्यातील सांध्याच्या जागेचा इतिहास

मोटारवाहतुकीच्या इतिहासात इंजिनाला जे मानाचे स्थान मिळाले, ते ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे ओझे यांना जोडणाऱ्या सांध्याला मिळालेले नाही. ट्रक व सेमीट्रेलर यांच्यामधील जोडतबकाला ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, असे नाव आहे. वस्तुतः ते चाक नव्हे. ते जमिनीला टेकत नाही आणि धावतही नाही. तथापि हे नाव टिकून राहिले, आणि त्यातच या सांध्याच्या पूर्वेतिहासाचा पुरावा आहे. चार चाकांच्या घोडागाडीत पुढील आस वळणावर फिरावा म्हणून आस आणि सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे वर्तुळाकार कडे बसवीत. हेच मूळचे पाचवे चाक. वळण देणे हे त्याचे मुख्य कार्य होते, आणि पुढील आसाच्या वर हे त्याचे स्थान ठरलेले होते.

मोटार आल्यावर हे स्थान प्रथमच अनिश्चित झाले. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील नॉक्स कंपनीच्या तीनचाकी ट्रॅक्टरवर चार्ल्स मार्टिन याने १९१० च्या सुमारास पुढेमागे झुलणारे जोडतबक बसविले. अग्निशामक दलांची घोड्यांनी ओढली जाणारी अवजड वाहने अशा ट्रॅक्टरांना जोडण्यात आली. पुढे १९१४ मध्ये डेट्रॉइटचा लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ याने सिब्ली नावाच्या लाकूडव्यापाऱ्याची नौका वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडावयाची गाडी तयार केली आणि तिला ‘सेमीट्रेलर’ हे नाव दिले. १९१४ हेच या वाहनाचे जन्मवर्ष म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ते नावाचे जन्मवर्ष होय, वस्तूचे नव्हे. नाव आणि वस्तू यांचा काळ एकच मानण्याची चूक शब्दांच्या इतिहासात वारंवार घडते, तशीच ती येथेही घडलेली दिसते.

सेमीट्रेलरचे वैशिष्ट्य हे की, त्याचा काही भार ओढणाऱ्या वाहनावर पडतो. त्यामुळे सांधा कोठे असावा हा प्रश्न केवळ वळणाचा न राहता तोलाचा झाला. समजा, ट्रकच्या पुढील व मागील आसांत ३.६ मीटर अंतर आहे आणि ट्रेलरच्या खुंटीवरून, म्हणजे किंगपिनवरून, १२,००० किलोग्रॅम भार ट्रकवर उतरतो. सांधा मागील आसाच्या नेमका वर असेल, तर सारा भार त्याच आसावर पडेल. सांधा ०.६ मीटर पुढे घेतल्यास २,००० किलोग्रॅम पुढील आसावर जातील आणि मागे १०,००० उरतील. उलटपक्षी तो आसाच्या मागे गेला, तर पुढील चाके हलकी होऊन सुकाणूची पकडच सुटू लागेल.

हे तत्त्व मोटारीने निर्माण केलेले नाही. दोन चाकांच्या बैलगाडीत ओझे मागे अधिक झाले की जू वर उचलले जाऊन गाडी उलाळते. पुढे अधिक झाले की बैलांच्या माना दबतात. जू मानेवर हलके टेकेल असे ओझे रचणे, हे गाडीवानाचे कसब होय. फरक इतकाच की गाडीवान ओझे सरकवितो, तर ट्रकचालक सांधाही सरकवू शकतो.

हा सरकता सांधा उपयुक्त ठरण्यास कायदाही कारण झाला. अमेरिकेत १९७४ च्या दुरुस्तीने एका आसावरील भाराची मर्यादा २०,००० पौंड, जोडआसांची ३४,००० पौंड आणि एकूण वजनाची ८०,००० पौंड अशी ठरली. एकूण वजन नियमात असूनही एखाद्या आसावरील भार मर्यादेबाहेर जाणे शक्य झाले, आणि सांधा काही इंच पुढेमागे करून तो तोल साधणे हे चालकाचे नित्याचे काम बनले. मात्र या सरकविण्यालाही सीमा आहेत. सांधा फार पुढे नेल्यास वळताना ट्रेलरचा कोपरा चालकाच्या खोलीस लागतो; फार मागे नेल्यास मधली पोकळी वाढून वाऱ्याचा विरोध वाढतो आणि वाहनाची लांबीही वाढते. म्हणूनच युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशाने किंगपिनपासून सेमीट्रेलरच्या पुढील टोकापर्यंतचे अंतर कमाल २.०४ मीटर आणि मागील टोकापर्यंतचे १२ मीटर असे बांधून दिले.

तात्पर्य, या सांध्याची जागा क्रमाने तीन शक्तींनी ठरविली : घोडागाडीत वळणाने, मोटारीत तोलाने आणि महामार्गावर कायद्याने. भारताच्या १९८८ च्या मोटारवाहन कायद्यातील सेमीट्रेलरची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. ज्याचा काही भाग मोटारवाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन पेलते, तो सेमीट्रेलर, असा तिचा आशय आहे. व्याख्येने ओळख पटविली ती भाराने. नावात मात्र वळणाचीच स्मृती राहिली. वस्तूचे कार्य बदलले तरी शब्द जुन्या कार्याची साक्ष देत राहतो. इतिहासकाराने ती साक्ष ऐकावी. परंतु तेवढ्यावर निकाल देऊ नये.