ट्रकवरचं बिऱ्हाड



मागच्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो. आज शर्यतीबद्दल बोलायचं आहे, पण ट्रॅकवरच्या शर्यतीबद्दल कमी आणि ट्रॅकपर्यंत जाण्या-येण्याबद्दल जास्त. मी सैन्यात आयुष्यभर गाड्यांमध्येच राहिलो आणि निवृत्तीनंतर बंगळूरला घर केलं. त्यामुळे इतिहासाकडेही मी थोडा ड्रायव्हरच्या सीटवरूनच बघतो, हे तुम्हाला एव्हाना माहीत झालं असेल.

पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव. आपल्या ओळखीचा हा महामार्ग तिथे संपत नाही. हुबळी, चित्रदुर्ग करत तो बंगळूरला येतो आणि पुढे कृष्णगिरी, वेल्लोरवरून चेन्नईला जातो. आज त्याचा क्रमांक ४८ आहे, जुनी माणसं अजून त्याला एनएच ४ म्हणतात. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव लागतं. तिथे मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. बंगळूरला गो-कार्टचे छोटे ट्रॅक आहेत, शर्यतीत उतरणारी पोरं भरपूर आहेत, पण मोटारींचा मोठा कायमचा ट्रॅक नाही. म्हणून इथल्या पोराला रेस करायची तर जवळपास तीनशे किलोमीटर चेन्नईकडे, नाहीतर त्याहून लांब कोइमतूरला जावं लागतं. आणि रेसची गाडी रस्त्यावर चालवायची नसते, ती न्यावी लागते.

माझा भाचा अशा पोरांपैकी एक. त्याच्याकडे रेससाठी तयार केलेली जुनी एस्टीम होती. जीपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर एस्टीम. शुक्रवारी सराव, शनिवारी-रविवारी शर्यत, आणि सोमवारी ऑफिस गाठायचं म्हणून रविवारी रात्रीच परतायचं. एकदा मीही बरोबर गेलो. परतताना वेल्लोर मागे पडलं. भाचा गाडी चालवत होता, मी शेजारी. कृष्णगिरीच्या अलीकडे जीपला हिसका बसला आणि मी जागा झालो. होय, मी झोपलो होतो. आणि तोही, क्षणभर. मागचा ट्रेलर सापासारखा डावी-उजवीकडे झुलत होता. त्याने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग ओढलं नाही, फक्त अॅक्सिलरेटरवरून पाय काढून हात स्थिर ठेवले. ट्रेलर हळूहळू ताळ्यावर आला. आम्ही कडेला थांबलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "मामा, घरी आईला सांगू नका."

बहिणीला मी आजतागायत सांगितलेलं नाही. पण ज्या माणसाने शेकडो जवानांना ताफ्याचे नियम शिकवले, पहिला हॉल्ट लवकर घ्या, दोर तपासा, ड्रायव्हरला झोप द्या, तो स्वतः शेजारच्या सीटवर घोरत होता. चूक पोराइतकीच माझी होती. त्या रात्रीनंतर आम्ही ठरवलं की एक जुना सहा चाकी ट्रक घ्यायचा, त्यावर झोपायची सोय करायची आणि गाडी त्यामागे ओढायची. इंग्रजीत त्याला मोटरहोम म्हणतात. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, बिऱ्हाड.

आता इतिहासाकडे येऊ. ट्रकवर बिऱ्हाड थाटणारे आम्ही पहिले नव्हतो. दुसऱ्या महायुद्धात फील्ड मार्शल मॉन्टगोमरी अशाच बिऱ्हाडात राहत होते. त्यांचं पहिलं चाकांवरचं घर ब्रिटिशांनी १९४१ मध्ये इटालियन जनरल बर्गोन्झोली यांच्याकडून पकडलेलं होतं. दुसरं १९४३ मध्ये ट्युनिशियात इटलीच्याच मार्शल मेस्से यांचं हाती लागलं. तिसरं, नकाशांसाठी, १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये बनवून घेतलं. एकात काम, एकात झोप, एकात नकाशे. तिन्ही आज डक्सफर्डच्या युद्धसंग्रहालयात आहेत. मॉन्टगोमरींची एक सवय प्रसिद्ध होती: रात्री लवकर झोपायचं, आणि कुणी उठवायचं नाही. लढाई ऐन भरात असली तरी. लोक त्याला तोरा म्हणत. मला वाटतं, उद्या सकाळी ज्याला निर्णय घ्यायचे आहेत त्याने आज झोपलंच पाहिजे, एवढा साधा हिशोब त्यामागे होता.

युद्ध संपलं आणि युरोपात मोटारशर्यती जोरात सुरू झाल्या. रेसगाडी कशी न्यायची, या प्रश्नाची दोन उत्तरं त्या काळात मिळाली आणि दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर मर्सिडीजचं. १९५५ मध्ये त्यांनी निळ्या रंगाचा एक ठेंगणा वाहक ट्रक रस्त्यावर आणला. इंजिन ३०० एसएल या स्पोर्ट्स कारचं, १९२ अश्वशक्तीचं. पाठीवर रेसगाडी घेऊन तो ताशी सुमारे १७० किलोमीटरने धावू शके. लोक त्याला 'निळं आश्चर्य' म्हणत. हेतू असा की ट्रॅकवर बिघडलेली गाडी लगेच स्टुटगार्टच्या कारखान्यात पोचावी. पण त्याच वर्षी ल मान्सच्या भीषण अपघातात ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि वर्षअखेरीस मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतलं. ट्रकला काम उरलं नाही. १९६७ मध्ये तो भंगारात गेला. पुढे कंपनीला पश्चात्ताप झाला असावा, कारण जुने फोटो आणि कागद शोधून तो पुन्हा जसाच्या तसा बांधण्यात आला. २००१ मध्ये तो पूर्ण झाला.

दुसरं उत्तर एडिनबराच्या एक्युरी एकॉस या खासगी संघाचं. या छोट्या संघाने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं जग्वार गाड्यांवर ल मान्स जिंकली. नंतर त्यांनी कॉमर चासीवर एक वाहक बांधून घेतला. वर दोन गाड्या, खाली एक, आणि आतच काम करायला छोटी वर्कशॉप. वेग बेताचाच. पण हा संघ कारखान्यावर अवलंबून नव्हता, कारखानाच बरोबर घेऊन फिरत होता. हा ट्रक २०१३ च्या लिलावात १८ लाख पौंडांना गेला.

मोठ्या कंपनीने वेग निवडला, छोट्या संघाने स्वावलंबन. ज्यांच्याकडे एवढेही पैसे नव्हते त्यांनी जुन्या प्रवासी बस घेतल्या, सीट काढल्या, मागे दार कापलं, आत गाडी चढवली आणि तिच्या शेजारीच अंथरूण टाकलं. आमचं घराणं या तिसऱ्या लोकांचं.

भारतात काय झालं? १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि मद्रासच्या उत्तरेला शोलावरम इथल्या, महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती रंगू लागल्या. बरेच हौशी लोक रोजच्याच गाडीने तिथे येत, रेस करत आणि त्याच गाडीने घरी जात. पण जसजशी गाडी निव्वळ शर्यतीची होत गेली तसं हे संपलं. बंगळूरच्या विजय मल्ल्यांनी शोलावरमला एन्साइन ही जुनी फॉर्म्युला वन गाडी पळवली. ती काही होसूर रोडवरून चालवत नेता येत नाही. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन बसवून एकासनी रेसगाड्या बनवल्या, तेव्हा मध्यमवर्गीय पोरालाही खरी रेसगाडी मिळाली, आणि तिला वाहून नेण्याची चिंताही मिळाली. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू झाला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळ २००३ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे.

काही मंडळी म्हणतील, हे श्रीमंतांचे खेळ, आपला काय संबंध? जरा आपल्या जत्रा आठवा. तंबू टॉकीजवाले ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवत. ट्रकच्या झरोक्यातून झोत तंबूतल्या पडद्यावर जाई, आणि जत्रेच्या हंगामात माणसांचा मुक्कामही तिथेच. तमाशाच्या फडाचे ट्रक तसेच: रंगमंच, पेट्या, भांडी, माणसं, सगळं एकाच हौद्यात. आणि बैलगाडा शर्यतीचे शौकीन? पिकअपमध्ये पेंढा अंथरून खिलार जोडी चढवतात, आणि रात्री मालक बैलांच्या कुशीतच झोपतो. का? कारण उद्या धावायचं आहे, आणि जनावर त्याच्या नजरेसमोर असलेलं बरं. एक्युरी एकॉसला जे सुचलं ते आपल्या घाटावरच्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता आमचा ट्रक. ज्यांच्या डोक्यात असा बेत असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी परवानगी, मग करवत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनाजोगते बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही. मालवाहू ट्रकचं राहतं वाहन करायचं तर वर्ग बदलतो, निकष बदलतात. ट्रेलरची नोंदणी वेगळी. मला हौद्याची मागची बाजू कापायची घाई झाली होती. भाच्याने हात धरला म्हणून वाचलो. कागद आले, मगच बॉडी बिल्डरकडे गेलो.

दुसरी, वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी उंचावर बसवली तर वळणावर ती ट्रकला बाहेर ओढते. टाकी, बॅटऱ्या, हत्यारांची पेटी, सगळं खाली आणि चाकांच्या आसाजवळ. ट्रेलरचं उलट बघायचं: त्याच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग पुढच्या जोडावर यायला हवा. गाडी फार मागे बांधली की ट्रेलर झुलतो. त्या रात्री आमची एस्टीम वीतभर मागे सरकलेली होती, हे नंतर कळलं. दोर सैल झाला होता. निघाल्यावर पहिल्या तासाभरात थांबून दोर तपासायचा, हा नियम मीच जवानांना शिकवायचो.

तिसरी, पेट्रोलचे डबे आणि जनरेटर झोपायच्या जागेत कधीही नाही. जनरेटरच्या धुरातला वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

चौथी, ट्रक चालू असताना मागे कुणीही बसायचं नाही. बिऱ्हाड फक्त थांबल्यावर.

आत काय आहे? आडवा पलंग, एक घडीची खाट, शेगडी, पंखा, पुसायला सोपं लिनोलियम. मित्र बघायला येतात आणि निराश होतात. त्यांना सिनेमातली व्हॅनिटी व्हॅन अपेक्षित असते. त्यांना मी सांगतो, या ट्रकमधली सगळ्यात महागडी वस्तू तो पलंग आहे, कारण त्यासाठी एक वेळापत्रक बदलावं लागलं. आता रविवारी रात्री आम्ही परतत नाही. जेवतो, ट्रकमध्ये झोपतो आणि पहाटे उजाडल्यावर निघतो. भाच्याने त्यासाठी ऑफिसात सोमवारची रजा मागायला सुरुवात केली. पगारातून दिवस कापला जातो. हंगामात तो एखादी फेरी कमी करतो. पूर्वी हे त्याला नामुष्कीचं वाटायचं.

निळं आश्चर्य ताशी १७० ने धावलं आणि भंगारात गेलं. मॉन्टगोमरींच्या झोपेची खोली अजून संग्रहालयात उभी आहे. यातून फार मोठा सिद्धांत काढायचा नाही. एवढंच, की इतिहासात आपण जिंकणाऱ्यांची नावं वाचतो, ते परत कसे आले हे क्वचित वाचतो.

परवा कृष्णगिरी ओलांडताना भाचा गाडी चालवत होता. उजाडलं होतं. मी जागा होतो. त्या जागेवरून जाताना तो एवढंच म्हणाला, "मामा, चहा घेऊ या?" आम्ही थांबलो. दोर तपासला, चहा घेतला, निघालो.

पुढच्या भागात भेटू. तोवर रात्री गाडी चालवत असाल तर थांबा, झोपा, मग निघा.

जय हिंद.