गंज, मोटारीच्या सस्पेन्शनवरील

गंज, मोटारीच्या सस्पेन्शनवरील : गाडीचा भार चाकांवर तोलून धरणाऱ्या आणि रस्त्याचे हिसके पचवणाऱ्या, तळाशी उघड्या राहणाऱ्या पोलादी भागांवर बसणारा तांबूस थर. कॉइल स्प्रिंग, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग), शॉकअप, लोअर आर्म, स्टॅबिलायझर बार, टाय रॉड आणि त्यांचे नटबोल्ट हे असे भाग. लोखंडाच्या गंजाला मराठीत ‘तांब’ असेही म्हणतात. गव्हावरचा तांबेरा त्याच रंगाचा. ही नोंद खान्देशातील धुळे आणि जळगाव जिल्ह्यांची परिस्थिती धरून केली आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर उघडे लोखंडही फार सावकाश गंजते. क्षार आले की हे गणित बदलते. ते हवेतला ओलावा ओढून घेतात, त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. गंज सच्छिद्र असतो आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडसारखे त्याचे कवच बनत नाही. पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते.

हवेचाच विचार केला तर खान्देश गाड्यांना मानवणारा मुलूख आहे. समुद्र दूर आहे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पाऊस जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर आणि धुळ्यात त्याहून कमी. कोकणातल्या गाडीचा तळ जसा खारट वाऱ्याने खाल्ला जातो तसे इथे होत नाही. इथला गंज हवेतून येत नाही, तो मातीतून येतो. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जिथे चिकटते तिथे घट्ट बसते. स्प्रिंगची खालची बैठक, लोअर आर्मची खोबण, पाट्यांच्या यू-बोल्टभोवतीची जागा हे तिचे ठरलेले अड्डे. वरून ती खडखडीत वाळलेली दिसते, पण खरवडली की आत ओल सापडते. अशा थराखाली ऑक्सिजन कमी आणि कडेला जास्त पोहोचतो. या फरकामुळेच धातू एकसारखा न झिजता जागोजागी खड्डे पडतात.

त्यात खताची भर पडते. रावेर-यावलच्या केळीला पोटॅश भरपूर लागते आणि बाजारातले नेहमीचे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. गोणी फाटून सांडलेले दाणे पिकअपच्या हौद्याच्या फटींतून थेट पाट्यांवर पडतात आणि दमट रात्री विरघळतात. खत वाहणाऱ्या गाडीचे मागचे पाटे पुढच्या भागांपेक्षा आधी लालसर होतात, त्याचे कारण बहुधा हेच. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक धोका असतो. चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात, बुलढाणा-अकोला भागात, खारपाणपट्टा आहे आणि तिथला चिखल क्षार सोबत घेऊन येतो. खडीचा माराही सोसावा लागतो. सुरत–धुळे–जळगाव–नागपूर महामार्गावर फागणे–तरसोद टप्प्याचे चौपदरीकरण बरीच वर्षे चालले. अशा कामांच्या वेळी कच्च्या वळणरस्त्यांवर उडणारी खडी स्प्रिंगवरचे आवरण टवकवते, आणि तांब पहिल्यांदा दिसते ती तिथेच.

सगळ्याच गंजाने घाबरून जाण्याचे कारण नाही. लोअर आर्म, स्टिअरिंग नकल किंवा धुरा यांच्या जाड अंगावरचा पातळ थर वर्षानुवर्षे तसाच राहतो, ताकद फारशी कमी होत नाही. ब्रेकच्या डिस्कवर धुतल्यानंतर रात्रभरात येणारी लाली तर दोनचार वेळा ब्रेक दाबताच निघून जाते. स्प्रिंगची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते हे खेदाचे आहे. स्प्रिंगचे पोलाद फार कडक केलेले असते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते पिळवटते. गंजाने पाडलेल्या बारीकशा खड्ड्यात सगळा ताण एकवटतो, तिथून तडा सुरू होतो आणि एक दिवस स्प्रिंग कडकन तुटते. कारखान्यात म्हणूनच स्प्रिंगवर बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घेतात, त्यावर फॉस्फेटचा थर आणि मग रंगाचे आवरण देतात. टवका उडाला की हे संरक्षण तेवढ्या जागी संपते.

प्रतिबंधाचा मुख्य उपाय धुणे आणि वाळवणे हाच आहे, बाकीचे सारे त्यानंतर. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तळ खालून पाण्याच्या जोराने धुवावा, बैठकींतली माती लाकडी काडीने काढावी आणि मग गाडी दहापंधरा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे सांध्यांतले पाणी उडते. बोअरचे जड पाणी वापरले असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा. रंगकामाला मृगाच्या आधीचे दिवस उत्तम, पण भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग मारला तर फोड येतात, म्हणून सकाळची वेळ धरावी. सैल गंज तारेच्या ब्रशने काढावा, थिनरने पुसावे, झिंक फॉस्फेटचा प्रायमर आणि त्यावर चॅसीचा काळा रंग द्यावा. शेवटी मेणयुक्त फवारा मारला तर तो फटींत शिरून पाणी अडवतो. टाय रॉडच्या आट्यांना हा फवारा जरूर द्यावा, नाहीतर ते जाम होतात आणि अलाइनमेंट करणे अशक्य होते. जुन्या पद्धतीचे पाटे दरवर्षी खोलून, पानांमधली माती काढून ग्रॅफाइट ग्रीस भरावे. शॉकअपचा क्रोमचा दांडा, रबरी बुश आणि बॉल जॉइंटचे रबर यांना रंग लागू देऊ नये.

धुतल्यावर तळाला डिझेल किंवा जळके ऑइल मारण्याची रीत सर्वत्र आहे. ती सोडून द्यावी. चार दिवस चकाकी राहते, पण त्यावर धूळ बसते, नैसर्गिक रबराचे बुश फुगतात आणि ऑइल ब्रेकवर उडाले तर जिवावर बेतते. गंजावरच जाड डांबरी कोटिंग चढवणे त्याहून वाईट, कारण त्यामागे पाणी कोंडून राहते. स्प्रिंग ॲसिडने तर कधीच साफ करू नये. त्या क्रियेत निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. गॅसकटरची धग किंवा वेल्डिंगही तिला चालत नाही. एका बाजूची स्प्रिंग तुटली तर त्याच धुऱ्यावरच्या दोन्ही बदलतात.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतात, तेव्हाच तळही पाहावा. पावसाळ्याची ओल तोवर आत असते आणि पुढे हिवाळाभर तिला कोणी हात लावत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मुंबई, ठाणे आणि सुरतेकडच्या वापरलेल्या गाड्या इकडेही विकायला येतात. समुद्रकाठी वर्षे काढलेल्या गाडीचा तळ इथल्या कोरड्या हवेत बरा होत नाही. पाटीवर इथलेच एमएच १८ किंवा एमएच १९ असले तरी गाडी आधी कुठे वापरली ते विचारावे, आणि गाडी रॅम्पवर चढवून, स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत बॅटरीचा उजेड टाकून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.