गारव्याचा जलमार्ग : जालन्याच्या वाळ्याच्या ताट्यांपासून जहाजावरच्या थंड हवेपर्यंत

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईची गोदी तिथून सुमारे ४०० किलोमीटर दूर. तरीही बंदरात उभ्या असलेल्या बोटीतली थंड हवा एकाएकी का बंद पडते, हे समजून घ्यायचे तर आरंभ जालन्यापासून केलेला बरा. दोन्हीकडे अडचण पाण्याचीच आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातच, शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा वेलस्लीकडून पराभव झाला. पुढे निजामाच्या मुलुखातले जालना हे इंग्रजी फौजेचे ठाणे बनले आणि तिथे छावणी उभी राहिली. थंड मुलुखातून आलेल्या गोऱ्या शिपायाला चैत्र-वैशाखात तिथे जगवायचे कसे, हा छावणीपुढचा रोजचा प्रश्न होता. उष्माघाताने माणसे दगावत, आणि त्यावर औषध नव्हते.

उपाय या मातीतलाच होता. वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या दारा-खिडक्यांत बसवायच्या, त्यांवर सतत पाणी मारायचे आणि बाहेरचा कोरडा वारा त्यांतून आत येऊ द्यायचा. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते आणि आत येणारी झुळूक गार होते. वारा पडला की सारे ठप्प. त्यावर इंग्रजांनी ‘थर्मँटिडोट’ नावाची पेटी काढली. लाकडी पेटीत पात्यांचे चाक, बाजूंना ओल्या ताट्या, आणि चाक हाताने फिरवणारा माणूस. आजच्या कूलरचा पूर्वज तो हाच.

या यंत्रणेतले बिघाड मोजकेच. ताटी कोरडी पडली, मुळ्यांत धूळ व क्षार साचून वाट बुजली, नाहीतर चाक फिरवणाऱ्याला झोप लागली. शेवटच्या बिघाडाबद्दल साहेब लोकांनी पुष्कळ कुरकुर लिहून ठेवली आहे. दुपारच्या त्याच उन्हात ताटीच्या बाहेरच्या बाजूला पखाल घेऊन उभ्या असलेल्या भिस्त्याला गारवा मिळत होता का, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले.

शिवाय पाणी हवेच. जालन्यात मोती तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते. हे काम जमशेदखानाच्या नावाने ओळखले जाते. अशा नळांची दुखणी ठरलेली असतात. तोंडाशी गाळ बसतो, मध्येच हवा अडकते, आणि तलाव भरलेला असूनही हौद कोरडा राहतो. ही दोन दुखणी लक्षात ठेवावीत, ती पुढे जहाजावर पुन्हा भेटतील.

जालन्याची ही युक्ती मुंबईला मात्र हतबल होते. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने जड. तिथे पाण्याची वाफ होणार किती? ताटी ओली राहते, खोली गार होत नाही. म्हणून किनाऱ्याने गारवा थेट समुद्रापलीकडून मागवला.

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांनी पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने ही किमया कोणत्याही यंत्राशिवाय साधली. तळघराला आतून फळ्यांचे अस्तर, त्यात उष्णता अडवणारा भुसा, आणि बर्फाच्या लाद्या एकमेकींना घट्ट चिकटवून रचलेल्या. वाटेत काळजी दोन गोष्टींची : हवा आत शिरू न देणे आणि वितळलेले पाणी उपसत राहणे. पाणी तळाशी साचू दिले तर तेच उरलेल्या बर्फाला खाऊन टाकते. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम खाऊन पाहुण्यांना पडसे झाले, ही कथा त्याच काळातली.

पण बर्फ वाहून आणणारे जहाज स्वतः गार नव्हते. प्रवाशांसाठी शिडाच्या कापडाची लांब नळी डेकवरून खाली सोडत. तिच्या तोंडात वारा भरला की खालच्या कोठड्यांत हवा खेळे. वाफेच्या जहाजांना तांबड्या समुद्रात वेगळेच संकट गाठी. वारा मागून येई आणि त्याचा वेग जहाजाच्या वेगाइतकाच असे. म्हणजे जहाजावर वाराच नाही! अशा वेळी काही कप्तान चक्क जहाज वळवून थोडा वेळ वाऱ्याला सामोरे नेत आणि कोठड्यांत हवा भरून घेत. बिघाड शोधून केलेली ही दुरुस्ती अजब खरी, पण शास्त्राला धरून होती.

(इंग्रजीतला ‘पॉश’ हा शब्द जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूच्या थंड केबिनांवरून आला, असे हमखास सांगितले जाते. त्याला पुरावा नाही.)

त्याच जहाजांच्या पोटात भट्टीपुढे कोळसा ओढणारी माणसे होती. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे खलाशी, भोजनगृहात गोव्याचे वाढपी आणि भट्टीवर पंजाबी-पठाण, अशी वाटणी असे. भोजनगृहात पंखे हलत. भट्टीखान्यात माणसे कोसळत. पुढे ग्लासगोच्या थर्मोटँक कंपनीने हवा नळ्यांतून खेळवून छतातल्या फिरत्या तोंडांनी केबिनीत सोडली. ती हवा खेळती होती, गार नव्हती.

विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवेतला दमटपणा काढणारे यंत्र रचले, तेव्हा त्याच्यापुढे माणसे नव्हती, कागद होता. जहाजांवर हे तंत्र आधी पहिल्या वर्गाच्या जेवणघरात शिरले. खालपर्यंत ते नेण्याची निकड युद्धाने दाखवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज संशोधक मॅकवर्थ याने गरम, दमट खोलीत बिनतारी संदेश टिपणाऱ्यांच्या चुका मोजल्या. एका मर्यादेपुढे उष्मा वाढला की चुका झपाट्याने वाढतात, असे त्याला आढळले. गारवा ही चैन नसून युद्धसामग्री आहे, हे आकड्यांनी सांगितल्यावर आरमारांनाही ऐकावे लागले.

आजच्या बोटीवरचे यंत्र खोलीतली उष्णता वायूत शोषून घेते आणि ती समुद्राच्या पाण्याला देऊन टाकते. त्यासाठी बोटीच्या तळातल्या झडपेतून पाणी आत येते, गाळणीतून पंपाकडे, तिथून कंडेन्सरच्या नळ्यांत, आणि शेवटी बाजूच्या छिद्रातून परत समुद्रात. म्हणून थंड हवा बंद पडली की जाणता कारागीर आधी यंत्र उघडत नाही. तो काठावरून वाकून त्या छिद्रातून पडणारी धार पाहतो. धार बारीक असेल तर गाळणीत शेवाळ, प्लास्टिक किंवा जेलीफिश. पंप फिरतो पण धारच नाही, तर बहुधा नळीत हवा अडकली आहे. बोट दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढून परत उतरवली की असे होते. पंप पाण्याच्या पातळीखाली आणि नळी सतत चढती ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे. पाणी पुरेसे मिळाले नाही की कंडेन्सरमधला दाब चढतो आणि यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी थांबते. मालकाला वाटते की गॅस संपला. पुष्कळदा तो जागच्या जागी असतो.

धार ठीक असून गारवा नसेल, तर संशय कंडेन्सरच्या नळ्यांच्या आतल्या थरावर. तिथे क्षार, चिखल आणि शंखशिंपल्यांचे जीव बसतात. सौम्य आम्ल फिरवून ते काढावे लागतात.

जालन्यात वैशाखात कूलरच्या जाळीवर बसणारा पांढरा थर याच जातीचा. तो खरवडता येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा कूलरमध्ये ओतायला पाणीच नव्हते.