जुन्या बाइकचा थर्मोस्टॅट शोधताय? नावाने नाही, नंबरने शोधा!

माझ्या जुन्या लिक्विड-कूल्ड बाइकचा टेम्परेचरचा दिवा घाटात लागला. मेकॅनिक म्हणाला, "दादा, पार्ट आता मिळत नाही, थर्मोस्टॅट काढूनच टाकू." मी हो म्हटलं. हीटिंग थांबलं, पण थंडीत इंजिन गरमच होईना आणि पेट्रोल जास्त जायला लागलं. हा जुगाड तुम्ही करू नका.

थर्मोस्टॅट करतो काय?
हा मेणावर चालणारा व्हॉल्व्ह आहे. इंजिन थंड असताना तो बंद असतो. ठरावीक तापमानाला आतलं मेण वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातो. बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जाऊ शकतं. उघडा अडकला किंवा काढून टाकला तर इंजिन थंडच राहतं. फ्युएल इंजेक्शनच्या बाइकमध्ये ईसीयू मग जास्त पेट्रोल सोडतो.

आधी तपासा
पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता लटकवा आणि थर्मामीटर ठेवून गरम करा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. पाणी उकळलं तरी हलला नाही, तर नवाच घ्या. (पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका!)

पार्ट नंबर वाचायला शिका
बाइकचं नाव टाकून मला काहीच सापडलं नाही. मग पार्ट्स कॅटलॉगमधल्या आकृतीवरून नंबर काढला. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेलचा कोड असतात, पुढचे पाच आकडे पार्टचे, थर्मोस्टॅटसाठी १२४११. होंडात आधी पार्टचे आकडे, उदा. १९३००, आणि मग मॉडेलचा कोड.

गंमत इथे आहे: हा कोड सहसा तो पार्ट ज्या मॉडेलसाठी पहिल्यांदा बनला त्याचा असतो. म्हणजे तुमच्या बाइकचा पार्ट दुसऱ्याच बाइकच्या नावाखाली विकला जात असू शकतो. मी पूर्ण नंबर टाकून सर्च केला, आणि माझा तसाच सापडला.

नंबर मिळालाच नाही तर
जुना थर्मोस्टॅट सोबत नेऊन या गोष्टी जुळवा:
- बाहेरचा व्यास आणि उंची (व्हर्नियरने मोजा)
- उघडण्याचं तापमान
- हवा जाण्याचं छोटं भोक
- रबर सील

साइज जुळली पण तापमान वेगळं असेल, तर घेऊ नका.

बसवताना
इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरची कॅप उघडू नका, गरम कूलंट अंगावर उडतं. सील नवीन टाका, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा आणि सिस्टीममधली हवा काढा.

आणि काम झाल्यावर पार्ट नंबरचा फोटो फोनमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी "मिळत नाही" ऐकावं लागणार नाही!