दातांची दाटी (बालवयातील उपचार)

जबड्यातील उपलब्ध जागा दातांच्या एकूण रुंदीपेक्षा कमी पडल्यास दात वाकडे किंवा एकमेकांवर चढलेले उगवतात. या स्थितीस दातांची दाटी म्हणतात. साधारणतः सहा ते बारा या वयात दुधाचे व कायमचे दात तोंडात एकत्र असतात. या काळात अपुरी जागा राखता येते आणि काही प्रमाणात वाढवताही येते.

जागेचा हिशेब

पटाशीचे कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद असतात. वरच्या चार दातांना सरासरी ७.६ मिमी, तर खालच्या चारांना ६ मिमी जादा जागा लागते. दुधाच्या दातांमधील फटी व जबड्याची वाढ यांतून ती बहुतांशी भरून निघते. म्हणून आठव्या वर्षाच्या सुमारास खालच्या पुढच्या दातांत १-२ मिमी दाटी दिसणे स्वाभाविक मानले जाते.

मागच्या बाजूस स्थिती उलट असते. दुधाचा सुळा व दोन दाढा यांची एकत्रित रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपेक्षा अधिक असते. हा फरक खाली प्रत्येक बाजूस सरासरी १.७ मिमी, तर वर ०.९ मिमी असतो. हेज नान्स यांनी १९४७ मध्ये या शिलकी जागेकडे लक्ष वेधले. मात्र ती आपोआप टिकत नाही. सहाव्या वर्षी उगवलेली कायमची दाढ पुढे सरकून ती व्यापते. दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, तर हे सरकणे वाढते व उपदाढ हिरडीत अडकू शकते. दुधाचे दात पडणारच, तेव्हा त्यांवर उपचार कशाला, हा समज त्यामुळे हानिकारक ठरतो.

उपचार

कायमच्या दाढांना पट्ट्या बसवून जिभेच्या बाजूने जोडलेली तार खालची शिलकी जागा धरून ठेवते. सौम्य दाटीत अनेकदा तेवढे पुरते. टाळू अरुंद असल्यास स्क्रू असलेल्या साधनाने टाळूमधील सांधा रुंदावतात. इमर्सन एंजेल यांनी हा उपाय १८६० मध्ये मांडला. खालच्या जबड्यात बालवयात असा उघडणारा सांधा नसल्याने तेथे हा मार्ग उपलब्ध नाही.

तीव्र दाटीत, सामान्यतः १० मिमीहून अधिक जागा कमी असल्यास, दुधाचे सुळे, मग दुधाच्या पहिल्या दाढा व शेवटी पहिल्या उपदाढा क्रमाने काढल्या जातात. स्वीडनमधील शेलग्रेन यांनी १९२९ मध्ये या पद्धतीस ‘क्रमिक दंतनिष्कासन’ या अर्थाचे नाव दिले. अनेक वर्षांची देखरेख शक्य नसल्यास ही पद्धत टाळणेच इष्ट.

वऱ्हाडातील उपलब्धता

तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूरसारख्या वर्धाकाठच्या गावांतील मुलांना दंतव्यंगोपचारासाठी बाहेर जावे लागते. अमरावती व सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालये असून नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतात. तीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. तारेची तपासणी दर काही महिन्यांनी करावी लागते. ती चुकल्यास पट्टी सैल होऊन तिच्याखाली कीड लागू शकते.