दुकानाचे तोंड कोणीकडे?

माझा भाचा सेलू तालुक्यात तीन एकर काळी जमीन कसतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने ठरविले की वांगी, पालक, सांभार, घरची तूरडाळ हा माल दलालाच्या हवाली न करता रस्त्याकाठी स्वतःच विकावा. एस.टी.च्या थांब्याजवळ कडुनिंबाखाली जागा मिळाली. चार बल्ल्या, वर टिनपत्रा, पुढे फळ्या, असा बेत होता. तेवढ्यात कुणीतरी त्याला वास्तुशास्त्राच्या एका जाणकाराकडे नेले. जाणकाराने होकायंत्र ठेवले आणि निर्णय दिला : दुकानाचे तोंड पश्चिमेला येते, बरकत राहणार नाही; तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला हवे. रस्त्याच्या पलीकडे नाला, तिथे जागा नाही. पूर्वेकडे तोंड करता येईल अशी जागा निघाली ती गावाच्या मागे, आमच्या वस्तीच्या पांदणीवर. तिथे गिऱ्हाईक म्हणून येणार ती आमचीच माणसे, तीही उधारीवर.

भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, "मामाजी, तुमी मास्तरकी केली, तुमीच सांगा जी. दुकान कुठीसा मांडू?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. घरातली पुस्तके काढून बसलो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाच्या चौथ्या अध्यायात नगराची आखणी दिली आहे. दुकान कोणत्या दिशेला असावे, याचे स्पष्ट उत्तर तिथे आहे. सुगंधी द्रव्ये, माळा, रस विकणारे पूर्वेला, क्षत्रियांबरोबर. शिजविलेले अन्न, दारू आणि मांस विकणारे दक्षिणेला, वैश्यांबरोबर. सूत, वेळू आणि चामडे यांची कामे करणारे पश्चिमेला, शूद्रांबरोबर. उत्तरेला ब्राह्मण. आणि चांडाळ? त्याला या चार दिशांपैकी एकही नाही. त्याची वस्ती स्मशानाच्या कडेला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही त्याला गावाबाहेरच ठेवले आहे.

सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत जमिनीचे रंगही वाटून देतो. पांढरी भूमी ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला आणि काळी शूद्राला. हे वाचताना मला हसू आले, कारण आमच्या वर्धा जिल्ह्याची सारी श्रीमंती या काळ्या मातीतून निघाली. हिंगणघाटचा कापूस विलायतेपर्यंत नावाजला गेला तो याच मातीच्या जोरावर. शूद्राची म्हणून ठरविलेली माती सावकार-मालगुजारांनी मात्र बिनदिक्कत आपल्या नावावर चढविली. तेव्हा कुणी रंग पाहिला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दिशांचे हे शास्त्र म्हणजे कुणी कुठे बसायचे याची वर्णवार यादी होती. १९९० नंतर वास्तूचा धंदा फोफावला. वर्तमानपत्रांत सदरे आली, टी.व्ही.वर तज्ज्ञ बसले. त्यांनी त्या यादीतली माणसे खोडली आणि दिशा तेवढ्या ठेवल्या. म्हणून आज आमच्या पोराला ती निसर्गाच्या नियमासारखी वाटते. आपले नाव त्या यादीत कुठे होते हे त्याला कुणी सांगत नाही, आणि तो फी देऊन मोकळा होतो.

बरे, पूर्व दिशेत खरेच बरकत असती तर ती सर्वांआधी आम्हाला लाभायला हवी होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत महारवाडा पूर्वेलाच आहे. आमच्याही गावात तो तिथेच होता. कारण वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि आमच्या अंगावरचा वारा गावावर जाऊ नये, अशी योजना होती. सूर्य गावात सर्वांआधी आमच्या दारात उगवत असे. त्या उजेडात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उपाशी बसलो.

माझी आजी बाजार करायची. नागपूर-वर्धा भागात महार लोक जाडेभरडे कापड विणत, तेच ती आठवडी बाजारात नेत असे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे जिल्ह्यातही गिरण्या आल्या आणि हातमाग मोडत गेले. तरी आमच्या घरातला माग बराच काळ टिकला. आजी सांगायची की कापड कोरडे, ते घ्यायला लोकांची ना नसे. पैसे मात्र वरून टाकत. एकदा तिने परसातली वांगी आणि भाजी टोपलीत नेली. भाजी ताजी राहावी म्हणून पाणी शिंपडले होते. पाणी आमच्या हातचे. दिवसभरात एक जुडी खपली नाही. बाबासाहेबांनी खेड्यातल्या अस्पृश्यांच्या उपजीविकेविषयी लिहिताना हेच सांगितले आहे की, त्याच्याकडून घेणारा कुणी नसतो, म्हणून व्यापाराची वाट त्याला बंद. आजीने ते वाचलेले नव्हते. तिने टोपली परत आणली होती.

तिची बसण्याची जागाही ठरलेली होती, बाजाराच्या शेवटाला, जिथून गुरे बाहेर काढीत. ती जागा होकायंत्राने ठरविलेली नव्हती. त्या काळी बाजार मालगुजाराचा. बैठकीचे पैसे तो घेई आणि कुणी कुठे बसायचे तेही तोच सांगे. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून हाट-बाजारही सरकारजमा झाले. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी उघडले, त्याची नोंद इतिहासात आहे आणि ती असावी. पण बाजारातला ओटा उघडण्याचा समारंभ होत नसतो. तिथे एखादी बाई टोपली घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसते, चार शिव्या खाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच बसते. आमच्या गावात हे धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत घडले. बसणाऱ्या बायका आमच्याच होत्या.

कुणी म्हणेल, दिशेत काहीच अर्थ नाही का? आहे. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांवर जातो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारनंतर ऊन सरळ फळीवर येते आणि पालक तासाभरात मान टाकतो. हे आजीलाही माहीत होते. ती उन्हाप्रमाणे टोपली सरकवीत असे. त्यासाठी सावली हवी, ओले गोणपाट हवे. बरकतीच्या भीतीने गिऱ्हाईक सोडून पांदणीवर जाण्याचे त्यात कारण नाही.

भाच्याला मी शेवटी सिगालाची गोष्ट सांगितली. दीघनिकायात ती आहे. राजगृहाचा हा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत होता. बुद्धांनी त्याला थांबवून दिशांचा अर्थच बदलला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरू, पश्चिम बायकामुले, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा नोकर-मजूर. त्यांना झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारपणात जपावे. कौटिल्याने दिशांवर माणसे बसविली होती. इथे माणसांनाच दिशा म्हटले आहे.

भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "ते ठीक हाये मामाजी. पन माही भाजी घेतीन का लोकं?"

त्याची खरी भीती ही होती. होकायंत्र तिच्यावर झाकण म्हणून आले होते. पूर्वाभिमुख, विधिपूर्वक मांडलेले दुकान पाहून लोक जात विचारणार नाहीत, अशी त्याला आशा होती. मी त्याला दिलासा देऊ शकलो नाही. आज हातावर पैसे टाकणारे कमी झाले आहेत. पण आडनाव विचारून पुढच्या दुकानाकडे वळणारे मी स्वतः पाहिले आहेत.

दुकान थांब्यावरच लागले, पश्चिमेकडे तोंड करून. दुपारी तो गोणपाट भिजवून पुढे सोडतो. बसमधून उतरणारे थांबतात, भाव करतात, नेतात. तुरीची डाळ पहिल्या महिन्यातच संपली. पाटीवर सध्या फक्त 'ताजा भाजीपाला' एवढेच लिहिले आहे. खाली नाव-आडनाव रंगवायला जागा सोडली आहे. रंगाचा डबा आणून ठेवला आहे, असे तो परवा म्हणाला.