‘दुकान’ या शब्दाचा घटनात्मक अर्थविस्तार

भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदातील दुसऱ्या खंडाचे दोन भाग आहेत. पहिल्यात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येतात. दुसऱ्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादी. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास तेथे अटकाव होऊ नये, हा दोहोंचा हेतू. भाष्यकार बहुधा हे दोन्ही भाग एका दमात वाचून पुढे जातात. परंतु त्यांचे कूळ एक नव्हे. आणि व्यवसायाच्या दारात धर्मस्वातंत्र्याचा दावा कितपत टिकतो, याचे उत्तर या कूळभेदात दडलेले आहे.

दुसऱ्या भागाचे कूळ मुंबई इलाख्यातले होय. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा जो ठराव संमत झाला, त्याने अस्पृश्यांस पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी खुले केले. पण ते सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले, किंवा सरकारनियुक्त अथवा कायद्याने स्थापिलेल्या संस्थांच्या ताब्यातले असले तरच. ‘सार्वजनिक’ या विशेषणाची कसोटी येथे पैसा व ताबा ही आहे. महाडच्या चवदार तळ्याचा खटलाही याच चाकोरीतून गेला. १९२७ च्या डिसेंबरात सवर्ण फिर्यादींनी तळे खासगी असल्याचा आणि अस्पृश्यांस वगळण्याची वहिवाट अनादि असल्याचा दावा मांडला. अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असे ठरवून उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले. नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयात ऊहापोह झाला तो मालकीचा आणि वहिवाटीचा, तहानेचा नव्हे.

या कसोटीने खाणावळवाला व न्हावी मात्र सहज निसटतात. जागा त्याची, भांडवल त्याचे. ‘माझे सोवळे हा माझा धर्म’ असे तो म्हणाला, तर १९२३ च्या ठरावात त्याला उत्तर नाही.

ते उत्तर दुरून आले. अमेरिकेत १८७५ साली झालेल्या नागरी हक्क कायद्याने खाणावळी, वाहने व नाट्यगृहे सर्व वर्णांस खुली केली होती. १८८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नव्हे. हा मृत कायदा डॉ. आंबेडकरांनी वाचला होता. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या मागण्यांत खाणावळी, नाट्यगृहे, वाहने यांविषयीचे कलम आहे, आणि त्याचा आधार म्हणून याच अमेरिकन कायद्याचा निर्देश आहे. १८८३ ची पळवाट घटनेने व्याकरणानेच बुजविली. १५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या खंडाचा कर्ता ‘राज्य’ आहे. दुसऱ्या खंडातून तो कर्ताच गळाला असून, ‘कोणाही नागरिकास’ अटकाव होऊ नये, अशी कर्मप्रधान रचना आली आहे. अटकाव कोण करतो, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ‘शॉप’ या शब्दाच्या व्याप्तीविषयी पृच्छा झाली. आंबेडकरांचे स्पष्टीकरण असे, की शब्द जातिवाचक अर्थाने योजलेला आहे: मागणाऱ्या कोणालाही सेवा देण्यास मालक जेथे सिद्ध असतो ते दुकान, आणि हक्क केवळ आत पाऊल टाकण्याचा नसून, अटी मान्य झाल्यास सेवा मिळण्याचा आहे. कसोटी येथे बदलली. पैसा कोणाचा हे गौण ठरले, देऊ केले कोणाला हे प्रधान ठरले. घटनेच्या शब्दयोजनेतही याची खूण आहे: उपाहारगृहाला ‘सार्वजनिक’ हे विशेषण लागले, दुकानाला लागले नाही. मराठी शब्दाची व्युत्पत्ती या अर्थाला अनुकूल आहे, हा योगायोग म्हणावा. फारसीमार्गे आलेल्या अरबी ‘दुक्कान’चा एक जुना अर्थ बसण्याचा ओटा असा आहे.

सोवळ्याच्या दाव्याचे काय? २५ व्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्य त्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. अर्थात १५ व्याच्याही. अमेरिकन घटनेत अशी अधीनता लिहिलेली नाही. तेथे १९६४ च्या कायद्याविरुद्ध साउथ कॅरोलिनातील एका उपाहारगृह-मालकाने धर्माची ढाल पुढे केली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती क्षुल्लक म्हणून बाजूस सारली. तरीही २०१८ मध्ये कोलोरॅडोतील केकच्या दुकानाच्या निमित्ताने वाद पुन्हा उभा राहिलाच.

भारतात याचा अर्थ दुकानदाराने स्वधर्म सोडावा असा मात्र होत नाही. शाकाहारी खाणावळ कोणालाच मांस वाढीत नाही; तिचा नियम ताटाविषयी आहे, पंक्तीविषयी नाही. अटी मालकाने ठरवाव्यात, माणसे निवडू नयेत, असा हा भेद आहे. व्यवहारात तो दर वेळी इतका स्वच्छ राहत नाही, हेही खरे.

२०११ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४८ च्या त्याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही ‘दुकाना’च्या कक्षेत आणले. त्यापूर्वी, २००५ मध्ये, त्याच न्यायालयाने अहमदाबादेतील एका पारशी सहकारी गृहसंस्थेस सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवण्याची मुभा दिली होती. ओट्यावर विकायला मांडलेले घर कोणत्या क्षणी दुकान होते, हा प्रश्न या दोन निर्णयांच्या मधोमध उभा आहे.